अर्धे-अर्धे कुणाचे? निजामाचे कायदेमंडळ आणि बीडचा हिशोब

१/
दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातील तरुणांच्या भ्रमणध्वनींवर दोन संदेश फिरू लागतात. पहिला सांगतो : निजाम इतका उदार होता की त्याने कायदेमंडळात हिंदू आणि मुसलमानांना समसमान जागा देऊ केल्या. दुसरा सांगतो : तेरा टक्क्यांनी निम्मे राज्य बळकावले होते, म्हणून सप्टेंबर १९४८ मध्ये जे घडले ते योग्यच घडले. दोन्ही संदेश एकाच आकड्यावर उभे आहेत, आणि दोघांनीही त्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावला आहे. हा धागा त्या 'निम्म्या'विषयी.

२/
आधी थोडा भूगोल. बीड हा हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक. औरंगाबाद, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे इतर चार. १९४१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्यात मुसलमान सुमारे १३ टक्के. प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. बीडच्या शेतकऱ्याला सातव्या आसफजाहाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या दरबारात अर्ज करायचा तर आधी तो दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे.

३/
कायदे करण्यासाठी एक मंडळ संस्थानात १८९३ पासून होते. त्यात अधिकाऱ्यांचे आणि नेमलेल्या सभासदांचे वर्चस्व होते. १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ आले, तेही निजामाला जबाबदार. अशा स्थितीत १९३७ उजाडले. १९३५ च्या कायद्यान्वये ब्रिटिश मुलखात निवडणुका झाल्या. आष्टीच्या शिवेपलीकडे अहमदनगर जिल्हा मुंबई प्रांतात होता. तेथे मताधिकार मर्यादित असला तरी मत होते, आणि त्या मतातून मंत्रिमंडळ उभे राहिले होते. शिवेच्या अलीकडे मत नावाची गोष्टच नव्हती. शेजारच्या गावाला जे मिळाले ते आपल्याला का नाही, हा प्रश्न विचारायला कुणा बाहेरच्याने चिथावण्याची गरज नव्हती.

४/
सप्टेंबर १९३७ मध्ये निजाम सरकारने दिवाणबहादूर अरवमुडू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. ८५ सभासदांचे सभागृह. त्यापैकी निवडून येणारे ४२, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मतदारसंघ प्रदेशाचे नव्हते, हितसंबंधांचे होते : जहागीरदार, पाटील-पटवारी, वकील, वैद्यकीय व्यावसायिक, व्यापार, बँका, उद्योग, पदवीधर, शेती, मजूर वगैरे. आणि या सर्वांवर एक सूत्र : हिंदू व मुसलमान यांचे प्रतिनिधित्व समसमान.

५/
या समतेचे समर्थन कसे केले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अल्पसंख्याकांना भीती वाटते म्हणून त्यांना आधार द्यावा, असा तो युक्तिवाद नव्हता. मुस्लिम समाजाचे संस्थानातील ऐतिहासिक स्थान आणि राज्यातील दर्जा असा आहे की त्याला सभागृहात अल्पसंख्य होऊ देता येणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. संरक्षणाची मागणी दुबळ्याच्या बाजूने केली जाते. दर्जाचा दावा सत्ताधाऱ्याच्या बाजूने केला जातो. 'अल्पसंख्याकांची काळजी' म्हणून आज जे मिरवले जाते, त्याच्या मुळाशी हा दुसरा दावा होता.

६/
आता मुख्य प्रश्न. निम्मे-निम्मे कशाचे? कार्यकारी मंडळ या सभागृहाला जबाबदार असणार नव्हते. सभागृहाचा विश्वास गमावला म्हणून कुणा मंत्र्याला घरी जावे लागणार नव्हते. राजघराणे, सैन्य, ब्रिटिश सार्वभौम सत्तेशी असलेले संबंध हे विषय सभागृहाच्या कक्षेबाहेर होते. अखेरचा शब्द निजामाचा होता. म्हणजे घरातील धान्याच्या कोठीची किल्ली धन्याने कमरेला ठेवली आणि रिकामे ताट दोन भावांत समान वाटून दिले. वाटणीत न्याय झाला की नाही, यावर ते दोघे भाऊ ऐंशी वर्षांनंतरही भांडत आहेत. किल्लीबद्दल कुणी बोलत नाही.

७/
पुढे जाऊन विचारावे : ते निम्मे तरी कोणाचे? संस्थानातील सुमारे चाळीस टक्के जमीन जहागिरींत आणि निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फ-ए-खासमध्ये होती. हितसंबंधांच्या मतदारसंघांतून 'हिंदू निम्मे' आले असते ते मुख्यतः देशमुख, सावकार आणि वकिलांतून. 'मुस्लिम निम्मे' आले असते ते जहागीरदार आणि सरकारी घराण्यांतून. गेवराईचा हिंदू कुळवाडी पहिल्या निम्म्यात नव्हता. बीड शहरातला विणकर, बागवान किंवा पिंजारी दुसऱ्या निम्म्यात नव्हता. दोन्ही निम्मे एकाच वाड्यातली होती. फक्त दरवाजे वेगळे.

८/
'हिंदू' या एका शब्दाखाली किती माणसे एकत्र बांधली गेली, हेही पाहिले पाहिजे. गावकुसाबाहेरचा दलित, लिंगायत वाणी, वंजारी, बंजारा, मराठा शेतकरी आणि ब्राह्मण वतनदार हे सर्व एका खान्यात. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नाही, त्याचा प्रतिनिधी म्हणून गावचा वतनदार मोजला जाणार. नेमणुकीने मेहेरबानीची एखादी जागा मिळणे आणि आपल्या मताने आपला माणूस निवडून पाठवणे, यांत मालक आणि याचक यांच्याइतके अंतर असते. धर्माचा एकच रकाना आखला की त्या रकान्यातील सर्वांत सबळ माणूस सर्वांच्या नावाने सही करतो. दोन्ही धर्मांत हे सारखेच घडते.

९/
कायदेमंडळाला अर्थ येतो तो सभागृहाबाहेरच्या स्वातंत्र्यामुळे. हैदराबादेत काय होते? 'गश्ती निशान ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकामुळे पूर्वपरवानगीशिवाय सभा घेणे अशक्य झाले होते. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर ती नीट स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. ते अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक राहिलेले. सभा घेणारा तुरुंगात आणि सभागृहात मात्र समता, अशी ही सुधारणा होती.

१०/
त्याच काळात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने एक सिद्धांत रुजवला : हैदराबादचे सार्वभौमत्व मुस्लिम समाजाचे आहे आणि निजाम हा त्याचे प्रतीक आहे. 'अनल मलिक', म्हणजे 'मीच राजा', ही त्याची घोषणा. दिवसभर हमाली करणाऱ्या मुसलमानाला सांगितले गेले की तू राज्यकर्ता आहेस. त्याच्या मजुरीत त्यामुळे एका आण्याची भर पडली नाही. पण त्याच्या नावावर एक सिंहासन चढवले गेले, आणि नावावर सिंहासन असलेल्या माणसाकडे पुढे लोक त्या सिंहासनाचा हिशोब मागतात. १९४८ मध्ये तो मागितला गेला.

११/
येथे दुसऱ्या संदेशाचे समर्थक म्हणतील : म्हणजे चूक मान्य आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या असत्या तर न्याय झाला असता. हे उत्तरही अपुरे आहे. ८७ आणि १३ अशी वाटणी केली तरी नागरिक मोजला जातो तो धर्मानेच. सभागृह तसेच निर्बल, किल्ली तशीच निजामाच्या कमरेला, आणि जागा भरणारेही तेच वाड्यातले. आकडा बदलल्याने पद्धत बदलत नाही. निजामाचा दोष त्याने चुकीचा भाजक वापरला एवढाच मानणारे लोक त्याची पाटी तशीच ठेवून फक्त उत्तर खोडत आहेत.

१२/
धर्माधारित जागावाटप हे निजामाचे संशोधन नव्हते. १९०६ च्या सिमला शिष्टमंडळानंतर १९०९ च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ आले. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने ते स्वीकारले, आणि त्या स्वीकारामागे लोकमान्य टिळकांचे वजन होते. करारानुसार मुंबई प्रांतात सुमारे एक-पंचमांश असलेल्या मुसलमानांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. उलट बंगालमध्ये निम्म्याहून अधिक असलेल्या मुसलमानांना ४० टक्क्यांवर थांबावे लागले, पंजाबात बहुसंख्य असून निम्म्यावर. एखाद्या समाजाच्या तीन-चतुर्थांश सभासदांनी विरोध केल्यास त्या समाजाशी संबंधित विधेयक पुढे जाणार नाही, अशीही तरतूद होती.

१३/
टिळकांना जे 'तुष्टीकरण करणारे' म्हणू इच्छितात त्यांनी म्हणून पाहावे. त्यांचा हिशोब उघड होता : तडजोड करून दोन्ही समाज एकत्र आले तर स्वराज्याची मागणी इंग्रजाला टाळता येणार नाही. लखनौ करार आणि निजामाची समता यांतला फरक येथेच आहे. लखनौला दोन पक्षांनी सत्ता मागण्यासाठी आपापसात वाटणी केली; हैदराबादेत सत्ताधाऱ्याने सत्ता न देण्यासाठी वाटणी करून दिली. तरी लखनौचाही परिणाम टिकाऊ ठरला नाही. वाटणीचे अंक एकदा लिहिले की पुढचा प्रत्येक वाद त्या अंकांपासूनच सुरू होतो.

१४/
या विषयावर सर्वांत कठोर विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. ६ मे १९४५ रोजी मुंबईतील भाषणात त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळासाठी एक योजना मांडली : हिंदू ४०, मुसलमान ३२, अनुसूचित जाती २०, शीख ४, भारतीय ख्रिश्चन ३, अँग्लो-इंडियन १ टक्का. या योजनेत कुणालाही निम्मे नाही. एकट्या हिंदूंना राज्य करता येत नाही. मुसलमानांना आणि अनुसूचित जातींना एकत्र येऊन अगदी ५२ टक्के गाठता येतात, पण तेही तडजोडीनेच. बहुमत प्रत्येक वेळी कमवावे लागते.

१५/
त्यामागचा त्यांचा विचार आजही जिवंत आहे. राजकीय बहुमत घडते आणि मोडते. आजचा विरोधक उद्या सत्तेवर येतो. जातीय बहुमत मात्र जन्माने ठरते. त्यात बाहेरच्याला प्रवेश नाही आणि ते कधी पराभूतही होत नाही. भारतातील बहुमत दुसऱ्या प्रकारचे आहे, ही त्यांची चिंता होती. निजामाने उत्तर दिले त्याच प्रश्नाचे उत्तर आंबेडकर देत होते, असे समजणे म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच धातूची असतात म्हणून ती एकच वस्तू मानण्यासारखे आहे. आंबेडकरांना जबाबदार सरकार हवे होते आणि त्यात कुणी कायमचा दास राहू नये एवढी हमी हवी होती. निजामाला जबाबदार सरकारच नको होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये आंबेडकरांनी अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे स्पष्ट आवाहन केले, ते याच भूमिकेला धरून.

१६/
धर्मनिहाय वाटणी गोठली की काय होते, हे पाहण्यासाठी भारताबाहेरही डोकावता येईल. लेबनॉनमध्ये १९४३ च्या राष्ट्रीय करारानंतर संसदेत ख्रिश्चन आणि मुस्लिम यांचे प्रमाण ६ : ५ राहिले. त्याचा आधार १९३२ ची जनगणना. त्यानंतर तेथे अधिकृत जनगणना झालेलीच नाही, कारण मोजले तर वाटणी मोडेल. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धाच्या अखेरीस, ताइफ करारानंतर प्रमाण समसमान झाले; आज १२८ पैकी ६४-६४. सायप्रसमध्ये १९६० च्या घटनेने ग्रीकांना ३५ आणि तुर्कांना १५ जागा दिल्या. १९६३ च्या डिसेंबरात ती व्यवस्था कोसळली. माणसे वाढतात, स्थलांतर करतात, मते बदलतात. भाग मात्र जागचे हलत नाहीत.

१७/
हैदराबादकडे परत येऊ. महायुद्धामुळे १९३९ ची योजना लांबणीवर पडली. १९४६ मध्ये ती सुधारित रूपात आली. स्टेट काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार घातला. हे सभागृह ज्यांच्यासाठी समतेचा पुरावा आहे, त्यांनी बहिष्काराचा विचार करावा : ज्यांना अर्धे ताट दिले म्हणतात, त्यांचा सर्वांत मोठा पक्ष ते ताट नाकारत होता. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला, आणि संस्थानात कासिम रझवीच्या रझाकारांचे राज्य सुरू झाले. मराठवाड्यातील गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे सरहद्द ओलांडून नगर-सोलापूरकडे गेली. हे सत्य कोणत्याही युक्तिवादासाठी सौम्य करता येणार नाही.

१८/
पण त्याच वर्षातील दुसरे सत्यही सौम्य करता येणार नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याची रझाकारांनी हत्या केली. त्याचा अपराध एवढाच की संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे तो उघडपणे लिहीत होता. समतेच्या गणितात शोएबुल्ला 'मुस्लिम निम्म्या'त मोजला गेला असता. त्याच निम्म्याच्या नावाने त्याला ठार करण्यात आले. एका माणसाने सबंध गणित खोटे ठरवण्यासाठी याहून अधिक किंमत काय द्यावी?

१९/
१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई पूर्ण झाली आणि निजाम शरण आला. त्यानंतर जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. समितीच्या अंदाजानुसार कारवाईच्या काळात व नंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली; बहुसंख्य मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद, नळगोंडा आणि मेदकसोबत बीडचे नाव आहे. हा अहवाल अनेक दशके सामान्य वाचकापासून दूर राहिला.

२०/
मेलेले लोक कोण होते? समतेच्या योजनेत ज्यांना जागा मिळाली असती ते जहागीरदार बहुतांशी नव्हते. अनेक बड्यांचे जीव वाचले, काहींना पुढे जहागिरींचा मोबदलाही मिळाला. मेले ते खेड्यापाड्यांतले लोक, ज्यांच्या वाट्याला त्या निम्म्यातला एक दाणाही आला नव्हता. 'तेरा टक्क्यांनी निम्मे बळकावले' हे वाक्य म्हणूनच इतिहास म्हणून खोटे आणि नीती म्हणून क्रूर आहे. बळकावले ते एका घराण्याने आणि त्याच्याभोवतीच्या वर्गाने. त्यात मोठमोठे हिंदू जमीनदारही होते. वसुली मात्र झाली ती नामसाधर्म्यावरून.

२१/
त्याच अहवालात एक नोंद आहे, जी प्रत्येक १७ सप्टेंबरला वाचली जावी. काही गावांत हिंदू विणकरांनी हल्लेखोरांपासून मुस्लिम विणकरांना वाचवले. एकाच मागावर, एकाच सुतावर, एकाच सावकाराच्या कर्जात जगणाऱ्यांना एकमेकांचे हित ओळखता आले. निजामाच्या योजनेत व्यवसायांचे मतदारसंघ होते, पण त्यांवर धर्माचा शिक्का मारलेला होता. विणकरांनी तो शिक्का मानला नाही. कायदेमंडळाच्या रचनाकारांना जे उमगले नाही ते त्यांना जीव धोक्यात घालून उमगले.

२२/
इकडे दिल्लीत संविधान सभेने ऑगस्ट १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द केले, तरी अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा मान्य केल्या होत्या. मे १९४९ मध्ये त्याही मागे घेण्यात आल्या. बेगम एजाज रसूल यांनी जागा सोडण्याच्या बाजूने मत मांडले. मद्रासच्या मोहम्मद इस्माईल यांनी विरोध केला. सरदार पटेलांनी त्या चर्चेत बहुसंख्याकांवर एक जबाबदारी टाकली : अल्पसंख्याकांना काय वाटते, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्याला काय वाटले असते, याचा विचार करण्याची. म्हणजे ती एकतर्फी माघार नव्हती. तो करार होता. हैदराबादच्या वाट्याच्या जागा त्या सभेत रिकाम्याच राहिल्या. बीडच्या वतीने त्या कराराला हो किंवा नाही म्हणायला तेथे कुणीच नव्हते.

२३/
बीडने आपले उत्तर मतपेटीतून दिले. १९५२ मध्ये प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. देशमुखाचे एक आणि त्याच्या सालगड्याचेही एकच. सर्वत्र काँग्रेसचा बोलबाला असताना बीडने लोकसभेवर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना पाठवले. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील येथून निवडून आले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. दुष्काळ, जमीन आणि मजुरी यांवर मत देणारा जिल्हा धर्माचे रकाने मोडू शकतो, हे बीडने निजामानंतर अवघ्या काही वर्षांत दाखवले.

२४/
येथे थांबले तर हा धागा गुळगुळीत आणि अर्धवट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात मुसलमान सुमारे १२ टक्के आहेत. बीडमधून आजवर एकही मुस्लिम खासदार निवडून गेलेला नाही. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागांवर एकही मुस्लिम सभासद नाही. सबंध ५४३ च्या सभागृहात ते २४. त्याच वर्षी बीडची लढत ६,५५३ मतांनी निकाली निघाली, आणि ती अखेरपर्यंत मराठा विरुद्ध वंजारी अशी मोजली गेली. उमेदवारीचे तिकीट ठरते तेव्हा प्रत्येक पक्षाच्या बैठकीत जातीचा आणि धर्माचा तक्ता मांडलेला असतो. १९३९ चा तक्ता राजपत्रात छापला होता. आजचा छापला जात नाही, एवढेच.

२५/
याचा अर्थ निजामाचा कोटा परत आणावा असा नव्हे. १९४९ चा निर्णय बरोबर होता. पण निर्णयासोबत दिलेला शब्द पाळला गेला नाही. ज्यांनी हमी सोडली त्यांना हमीची गरज भासणार नाही, अशी वागणूक बहुसंख्याकांच्या पक्षांनी द्यायची होती. धर्म न पाहता मत मागणारा पक्ष उमेदवार निवडताना मात्र धर्म पाहून वगळत असेल, तर त्याने संविधान सभेचा करार मोडला आहे. आंबेडकरांची चिंता मग इतिहासाची राहत नाही; जन्माने ठरणारे बहुमत मतपेटीतून राजकीय बहुमताचा मुखवटा घालून बाहेर पडते.

२६/
म्हणून येत्या १७ सप्टेंबरला ते दोन संदेश आले तर तरुण वाचकांनी पाठवणाऱ्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. त्या सभागृहाला मंत्री हटवता येत होता का? त्या निम्म्यात गेवराईचा कुळवाडी आणि बीडचा विणकर होते का? आणि शोएबुल्ला खान कोणत्या निम्म्यातला? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' आहे. तिसऱ्याचे उत्तर देताना ज्याला अडखळायला होईल, त्याच्या लक्षात येईल की मुक्तिसंग्राम एका धर्माने दुसऱ्या धर्मापासून मिळवलेली सुटका नव्हता. रयतेने किल्ली मागितली होती. ती १९५२ मध्ये प्रत्येकाच्या हाती आली, आणि तिचा वापर कसा होतो याची जबाबदारीही तेव्हापासून प्रत्येकाचीच आहे.

(धागा समाप्त)